वाचून झाल्याचा आकडा

कप उचलला गेला तेव्हा त्यात अर्धा चहा शिल्लक होता. चहाच्या मावशी रोज साडेनऊला ट्रे घेऊन आमच्या रांगेतून फिरतात, रिकामे कप गोळा करताना प्रत्येकाला "झालं?" म्हणून विचारतात, आणि मी रोज मान हलवते. अकरापर्यंत मी बोलत नाही हे त्यांना ठाऊक आहे. सात वर्षं झाली या नेमाला. पण आज डोळे पडद्यावर होते, मान आपली आपणच हलली, आणि मावशींनी माझ्या बोटांतून कप हलक्या हातानं सोडवून नेला. बोटं तशीच वाकलेली राहिली. जिभेवर अजून चव होती, घोट अजून घशातून खाली उतरत होता. थांबा मावशी, एवढं म्हणायचं, पण तेवढंच मला म्हणता येत नव्हतं. चहाचं एवढं काय, दुसरा मिळाला असता. तरी छातीत धस्स झालं ते झालंच, आणि कितीतरी वेळ ते तिथंच बसून राहिलं. मला काहीच संपवायचं नव्हतं आणि माझ्या मानेनं मला न विचारताच संपल्याचं सांगून टाकलं होतं.

पडद्यावर मास्तरांचा बदल उघडा होता. तीस ओळी. माझं काम दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचायचं. आमच्या इथं कुणीही कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राच्या अगदी गाभ्यात, काही बदल केला की दुसऱ्या कुणीतरी तो ओळ न् ओळ वाचून खाली ‘पाहिलं’ असं लिहायचं आणि पुढे आपलं नाव घालायचं. नावाशिवाय बदल पुढे जात नाही. बरेच जण वरवर नजर फिरवतात आणि नाव टाकून मोकळे होतात, एकमेकांचं एकमेकांनी चालवून घेतात. माझ्याच्यानं ते होत नाही. सकाळी देवापुढे दिवा लावते तेव्हा वात नीट पेटली का, हे पाहिल्याशिवाय मी हात जोडत नाही, तसंच काहीसं. यात मोठेपणा नाही, भित्रेपणा असेल. ऑफिसात मला मौनीबाई म्हणतात, आणि मौनीबाईकडे बदल गेला म्हणजे दोन दिवस गेले, असंही म्हणतात. माझ्यासमोरच म्हणतात, कारण सकाळी मी उलट उत्तर देणार नसते.

मास्तर हे काही खरे मास्तर नव्हेत. लिफ्टमधल्या सूचनेतली चूकसुद्धा पेनानं दुरुस्त करतात म्हणून ते नाव पडलं. अकरा वर्षांपूर्वी मी इथं आले तेव्हा त्यांनी आपली खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आणली होती आणि म्हणाले होते, कोड वाचायचा म्हणजे प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा, बाई गं, तू नसतीस तर काय बिघडलं असतं? जी उत्तर देईल ती राहील, जी गप्प बसेल तिला घालवायचं. मी तसंच करते. त्या वेळी त्यांचा आवाज पलीकडच्या खोलीत ऐकू जायचा. गेल्या वर्षी हृदयाच्या दुखण्यानं ते पाच महिने घरी होते. परत आले ते खुर्च्यांच्या पाठीला हात लावत चालणारे, वाक्य अर्ध्यात सोडून खिडकीबाहेर पाहणारे मास्तर. आल्यानंतरचा हा त्यांचा पहिला बदल, आणि तोही त्यांच्याच एकोणीस वर्षांपूर्वीच्या कोडमध्ये, त्या रिंगमध्ये.

ती रिंग मला पहिल्यांदा समजली तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी घरी जाताना मी बसथांब्यावर उभी होते आणि दोन बस येऊन गेल्या तरी मला पत्ता नव्हता. इस्पितळात खाटेशेजारी जे यंत्र असतं, नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन दाखवणारं, त्याच्या पोटात ही रिंग आहे. चौसष्ट खणांचं एक कडं समजा. एका बाजूनं कर्नल येतो, एका खणात हे चार आकडे लिहितो आणि पुढच्या खणाकडे जातो. दुसऱ्या बाजूनं पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम येतो, खणातले आकडे वाचतो आणि पुढे जातो. शेवटचा खण संपला की पुन्हा पहिला. दोघं एकमेकांना कधी भेटत नाहीत. मध्ये कुलूप नाही, निरोप नाही, तुम्ही आधी की मी, असं काही नाही. दोनच आकडे आहेत: एक, लिहून कुठपर्यंत झालं, दुसरा, वाचून कुठपर्यंत झालं. लिहिणारा फक्त पहिला बदलतो, वाचणारा फक्त दुसरा. दुसऱ्याच्या आकड्याकडे बघायचं, त्याला हात लावायचा नाही. एवढ्या एका पथ्यावर ते दोघं सेकंदाला हजारो वेळा एकाच जागेतून ये-जा करतात आणि एकमेकांच्या पायावर पाय पडत नाही. इतकी शहाणी माणसं मी पाहिलेली नाहीत. आमच्या घरी तर नाहीतच.

पण यात एक मेख आहे, आणि ती कळायला मला आणखी दोन वर्षं लागली. आपण कोडमध्ये लिहिलेला क्रम प्रोसेसर पाळतोच असं नाही. वर लिहिलंय आधी वाच, खाली लिहिलंय मग सांग. घाईत असला तर तो आधी सांगून टाकतो आणि वाचन मागून उरकतो. त्याच्या दृष्टीनं हिशेब एकच. म्हणून जिथं क्रम मोडून चालणार नाही तिथं एक बॅरियर घालावा लागतो, म्हणजे थांब्याची एक ओळ: मागचं पुरं होऊ दे, मग पुढे जा. हे मास्तरांनी समजावलं तेव्हा मी विचारलं होतं, म्हणजे क्रम मुळात नसतोच? ते म्हणाले, मागितला तर मिळतो. त्या रात्री जप करताना माझी बोटं मण्यांवरून जात होती आणि प्रत्येक दोन मण्यांमधली ती गाठ मला आयुष्यात पहिल्यांदा लागली.

मास्तरांनी जुन्या कोडमध्ये असा एक भलामोठा, सगळ्यांना थांबवणारा बॅरियर ठेवला होता. एकोणीस वर्षं तो तिथं होता आणि त्याच्याशेजारी एका शब्दाचंही स्पष्टीकरण नव्हतं. नव्या बदलात त्यांनी तो काढून त्याऐवजी हलके, नेमक्या जागचे थांबे घातले होते. त्यानं यंत्र बरंच चपळ होत होतं. मी एकेका ओळीला विचारत गेले. लिहिणारा आकडे लिहितो, मग थांबा, मग ‘लिहून झालं’ सांगतो, बरोबर. वाचणारा ‘लिहून झालं’ पाहतो, मग थांबा, मग वाचतो, बरोबर. लिहिणारा जागा मोकळी आहे का ते पाहतो, मग थांबा, मग लिहितो, हेही बरोबर. प्रत्येक ओळ छान उत्तर देत होती. मास्तरांचं अक्षर जसं ओळखू येतं तसा त्यांचा कोड ओळखू येत होता, कुठं पसारा नाही, कुठं चमक नाही. मला इतकं बरं वाटलं की मी देवाचं नाव घेतलं.

तेवढ्यात साहेब येऊन टेबलाशी उभे राहिले. त्यांना सगळे घड्याळ म्हणतात. "मौनीबाई, तीन वाजता नवीन आवृत्ती बाहेर पडते आहे. मास्तरांच्या बदलावर तुमचं नाव नाही अजून. तीस ओळींचा कागद आहे, पोथी नाही." मी कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलं, वाचते आहे. त्यांनी ती वाचली आणि आवाज खाली आणला. "हे बघा, हे आज नीट गेलं तर सोमवारपासून मास्तर परत गाभ्याच्या कामावर. नाही गेलं तर वरचे म्हणताहेत, त्यांना माहितीपुस्तिका लिहायला बसवा, झेपत नाही आता. मला तसं नकोय. तुम्हालाही नको असेल." मी मान हलवली. "टेस्ट सगळ्या हिरव्या आहेत," ते म्हणाले. "कोटभर फेऱ्या झाल्या, एक दाणा इकडचा तिकडे नाही." आणि जाता जाता हसून म्हणाले, "तुमच्या मौनाचा हा एक फायदा, नाही म्हणता येत नाही."

ते गेले आणि मी पडद्याकडे पाहिलं, पण मला वाचता येईना. बोटं अजून कपाच्या आकारात वाकल्यासारखी वाटत होती. सात वर्षांपूर्वी बाबांचा फोन रोज सकाळी दहाच्या सुमाराला यायचा. ते दुसऱ्या शहरात, एकटे, आणि त्यांचं बोलणं म्हणजे एकातून दुसरं: नळाचं झालं की शेजाऱ्याचं, शेजाऱ्याचं झालं की त्यांच्या गुडघ्याचं. मी एका कानानं ऐकायची, डोळे असेच पडद्यावर, आणि अधूनमधून म्हणायची, "हो, ऐकलं बाबा." शेवटच्या फोनवरही मी तेच म्हणाले. "ऐकलं बाबा, ठेवते." ते बोलत होते. "आणि अजून एक," असं काहीतरी म्हणाले होते, आणि माझा अंगठा तोवर फोनवर टेकला होता. आठवड्यानं ते गेले. ते अजून एक काय होतं, हे कुणालाच सांगता आलं नाही, भावालाही नाही, शेजाऱ्यांनाही नाही. मौन मी त्यानंतर धरलं. सगळ्यांना वाटतं देवासाठी, देवासाठीही आहेच. पण खरं सांगायचं तर ते कशासाठी आहे आणि त्यानं काय होतं, ते मला अजूनही नीट सांगता यायचं नाही. धरलं आणि जीव थोडा निवला, म्हणून सोडलं नाही.

मी पुन्हा कोडकडे वळले आणि तेव्हा ते दिसलं. म्हणजे दिसलं असंही म्हणता येत नाही, कारण तिथं काही नव्हतं. मास्तरांची शिकवण असलेल्या ओळीला प्रश्न विचारायची होती. नसलेल्या ओळीला कोण विचारणार? वाचणारा खणातले चार आकडे वाचतो आणि लगेच ‘वाचून झालं’ सांगतो. मध्ये थांबा नाही. बाकी तिन्ही ठिकाणी आहे, इथं नाही. म्हणजे घाईचा प्रोसेसर वाचन अर्ध्यात असतानाच सांगून टाकू शकतो की वाचून झालं, जागा घ्या. आणि पलीकडचा, बिचारा शब्द पाळणारा, जागा घेईल. घ्यायच्या वेळी सगळे जपतात, द्यायच्या वेळीही जपतात. वाचून झाल्यावर रिकामी जागा परत करतानाही जपावं लागतं, हे मास्तरांसारख्या माणसाच्याही नजरेतून निसटलं होतं.

टेस्ट हिरव्या का होत्या तेही कळलं. आमच्या टेबलांवरच्या यंत्रांचे प्रोसेसर शिस्तीचे आहेत; आधीचं वाचन मागे टाकून पुढचं लिहिणं ते करत नाहीत. कोटभर काय, अब्जभर फेऱ्या केल्या तरी तिथं हे दिसणार नव्हतं. खाटेशेजारच्या यंत्रात मात्र दुसऱ्या जातीचा, मोकळ्या स्वभावाचा प्रोसेसर असतो. मी उठून कपाटातून त्याचा बोर्ड काढला, धूळ पुसली, वायर लावल्या. टेस्ट थोडी बदलली: रिंग सतत भरलेली राहील असं केलं, म्हणजे लिहिणारा जागेची वाटच पाहत उभा असेल, आणि प्रत्येक खणातल्या चारही जागी नाडी-श्वासाऐवजी हे कितवं लिहिणं आहे तो एकच क्रमांक लिहायला लावला. चारही सारखे आले तर सगळं क्षेम. मग बसून राहिले. अकरा वाजून गेले, माझं मौन सुटलं, तरी मी कुणाशी बोलले नाही. क्रमांक वर वर सरकत होते, चार चार, सारखे सारखे, एखाद्या लांबलचक नामस्मरणासारखे. मनातल्या मनात मी म्हणत होते, देवा, न दिसो. आणि त्याच मनात दुसरं कुणीतरी पाहायला उत्सुक होतं, हेही खोटं नाही.

चाळीस मिनिटांनी टेस्ट थांबली. तीन क्रमांक सारखे, आणि चौथा चौसष्टनं पुढचा. बरोबर चौसष्ट, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. कड्याचा एक पूर्ण वेढा. म्हणजे वाचणाऱ्यानं ‘झालं’ सांगितलं, त्यावर विश्वासून पलीकडच्यानं त्याच खणात पुढच्या वेढ्याचं लिहिलं, आणि उरलेलं वाचायला तो वळला तेव्हा त्याच्या हाती जे लागलं ते त्यानं ‘झालं’ म्हटलं तेव्हा अजून लिहिलंच गेलेलं नव्हतं. मी हात मांडीवर ठेवून बसले. इस्पितळातल्या एखाद्या खाटेशेजारी हे घडलं असतं तर पडद्यावर नाडी, श्वास आणि दाब एका घडीचे आणि ऑक्सिजन पुढच्या घडीचा, असा एक माणूस दिसला असता जो कुठल्याही क्षणी तिथं नव्हता. परिचारिकेनं त्या माणसाकडे पाहून औषध दिलं असतं. भीती वाटायला हवी होती, वाटलीही. पण त्याच्या आधी काहीतरी वेगळं वाटलं. इतक्या सूक्ष्म जागेत, जिथं कुणाची नजर पोचत नाही, तिथंही शब्द दिला म्हणजे दिला असा कारभार चालतो आणि शब्द अर्ध्या क्षणानं आधी दिला तर जगात एक नसलेला माणूस उभा राहतो. माझे हात आपोआप जोडले गेले होते. समोरून जाणारा एक जण थबकला आणि पुढे निघून गेला.

मास्तरांना मी जाऊन हळूच हाक मारली. "एवढ्या जपून हाक मारलीस म्हणजे काहीतरी मोडलंय," ते म्हणाले.

"मोडलं नाही. पण चूक दिसली, कपाटातल्या बोर्डवर."

"बोर्ड तापला असेल."

"तेही पाहिलं, मास्तर. थंड करून पुन्हा लावला. दुसऱ्यांदाही चौसष्टच."

मास्तर खुर्च्यांच्या पाठी धरत धरत माझ्या टेबलापर्यंत आले, बसले, आणि तो चौथा क्रमांक पाहत राहिले. "चौसष्ट," ते म्हणाले, कुणा जुन्या ओळखीच्या माणसाचं नाव घ्यावं तसं. मग माझ्याकडे न पाहता बोलायला लागले. "तुला वाटत असेल, त्या वेळी मी हे सगळं समजून उमजून तो मोठा बॅरियर टाकला."

"तसंच वाटत होतं."

"कसलं आलंय. आकडे कधीमधी वेडेवाकडे यायचे. मी एकेका ओळीनंतर बॅरियर टाकून पाहत गेलो. इथं टाकला आणि थांबलं. का थांबलं ते काही कळेना, म्हणून मग हात लावला नाही. लाज वाटली म्हणून शेजारी काही लिहिलंही नाही." ते थोडं हसले. "आजारपणात पडल्या पडल्या छताकडे बघत होतो आणि एकदम वाटलं, आता कळलं सगळं. कळत नव्हतं तेव्हा टाकला. कळलं असं वाटलं तेव्हा काढला."

एकोणीस वर्षं किती खाटांशेजारी, किती माणसांचे किती श्वास त्या एका न कळलेल्या ओळीच्या भरवशावर बरोबर दिसत आले होते.

"एक ओळ घालायची आहे," ते म्हणाले. त्यांनी घातलीही, थांबा बरोबर होता, जागा बरोबर होती. घड्याळात दोन वाजून गेले होते. "आता टाकतेस नाव? तीनच्या आत जाईल."

मी वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं. चूक दिसत नव्हती. पण सकाळीही दिसत नव्हती. सकाळी तर मी देवाचं नाव घेतलं होतं. चौथी जागा होती, तशी पाचवी नसेल कशावरून? "मला अजून दोन दिवस लागतील, मास्तर."

"दोन दिवसांनी मी माहितीपुस्तिका लिहीत असेन. तुला माहीत आहे ना?"

"हो," मी म्हटलं. आयुष्यात इतका लहान आणि इतका जड शब्द मी उच्चारला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मला शाळेत पहिल्यांदा गणित सुटलं तेव्हाचे बाबा आठवले.

"अकरा वर्षं फुकट गेली नाहीत," ते म्हणाले, आणि त्यांनी आपल्या हातानं बदल मागे घेतला. जुना बॅरियर पुन्हा आपल्या जागी येऊन बसला.

साहेब धावतच आले. "मागे घेतला? कुणी सांगितलं?"

"माझं मीच," मास्तर म्हणाले. "वय झालं साहेब, हात कापतो."

"मी नाव टाकलं नाही म्हणून घेतला," मी म्हणाले.

"काय? जरा मोठ्यानं बोला हो."

"मी नाव टाकलं नाही," मी पुन्हा म्हणाले, तेवढ्याच आवाजात, आणि बोर्डवरचे चार क्रमांक दाखवले. साहेबांनी ते बराच वेळ पाहिले. घड्याळाकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, आणि खांदे पाडून निघून गेले. तीन वाजता आवृत्ती बाहेर पडली, जुन्या, जड बॅरियरसकट.

सोमवारी मास्तर जिन्याजवळच्या छोट्या खोलीत गेले. तिथं दोन टेबलं आहेत आणि माहितीपुस्तिकांची कपाटं. दुपारी मी त्यांच्याकडे जाऊन बसते. ते म्हणतात, इथं एक बरं आहे, इथली वाक्यं कुणी वाचत नाही, त्यामुळे कुणी मरत नाही. मी हसते, पण परत येताना प्रत्येक वेळी जिन्याचा कठडा धरून उभी राहते.

बाराव्या दिवशी सकाळी, मौनात असताना, त्यांच्याकडून एक बदल वाचायला आला. कोडची एकही ओळ नव्हती. त्या जुन्या बॅरियरच्या शेजारी, एकोणीस वर्षं रिकाम्या असलेल्या जागेत, माणसांनी वाचायचं साधं टिपण होतं: ‘हा बॅरियर काढू नये. वाचणाऱ्याचं वाचून संपण्याआधीच जागा मोकळी झाल्याचा आकडा पलीकडे पोचू शकतो. मी हा एकदा काढला होता. याशिवाय तो आणखी कशासाठी लागतो का, ते मला माहीत नाही.’ असल्या टिपणांनी यंत्राला काहीच फरक पडत नाही; तरी सवयीनं मी टिपणासकट आणि टिपणाशिवाय, दोन्ही प्रती यंत्राला कळतील अशा रूपात तयार करून ताडून पाहिल्या. शेवटच्या अक्षरापर्यंत एकच निघाल्या. खाटांशेजारची ती सगळी यंत्रं पूर्वीसारखीच चालत राहणार होती आणि त्यांना याचा पत्ताही लागणार नव्हता.

चार वाक्यांना मी सगळी सकाळ घेतली. साहेब एकदा येऊन पाहून गेले. शेवटच्या वाक्याला मी तोच प्रश्न विचारला, तू नसतीस तर काय बिघडलं असतं, आणि उत्तराची वाट पाहिली. अकरा वाजले. मग त्याच्या खाली ‘पाहिलं’ असं लिहून मी माझं पूर्ण नाव घातलं.